नुसत्या ‘मॅट’ने काय कळणार? साच्याच्या पृष्ठपोताविषयी वाचकांचे प्रश्न

प्लास्टिक इंजेक्शन साच्यांवरील लेखात आम्ही पृष्ठपोताचा, म्हणजे भागाच्या पृष्ठावर उमटणाऱ्या गुळगुळीत-खडबडीतपणाचा, विषय दोन ओळींत उरकला होता. त्यावर वाचकांनी जी पत्रे पाठवली, त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. लांब पत्रांतला मूळ मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या ड्रॉइंगवर ‘बाहेरील पृष्ठभाग फाइन मॅट, टेक्श्चर ३०’ एवढीच टीप होती. एकाच उपकरणाचे वरचे झाकण एका टूलरूमने (साचे बनवणाऱ्या कार्यशाळेने) केले आणि खालचे दुसऱ्या टूलरूमने. दोन्ही भाग जोडले तेव्हा वरचा तेल पुसल्यासारखा चमकतो आणि खालचा खडूसारखा कोरडा दिसतो. ‘आम्ही ड्रॉइंगप्रमाणेच केले’ असे दोघेही सांगतात. चूक कोणाची मानायची?

दोघेही खरे बोलत असण्याचा संभव अधिक आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘३०’ हा आकडा कोणत्या मोजपट्टीवरचा, हे ड्रॉइंग सांगत नाही. जर्मन अभियंता संघाच्या १९७५ सालच्या व्हीडीआय ३४०० या मार्गदर्शिकेनुसार ३० म्हणजे आरए (खडबडीतपणाचे सरासरी माप) सुमारे ३.१५ मायक्रॉन, ती मार्गदर्शिका मुळात ईडीएमच्या, म्हणजे स्पार्क यंत्राच्या, कामासाठी आहे. मात्र एखाद्या टूलमेकरच्या टेबलावर मोल्ड-टेक या पोत कोरणाऱ्या कंपनीच्या नमुना तबकड्या असतील, तर ‘३०’ वाचून त्याच्या मनात ११०३० हा नमुना येणे अगदी स्वाभाविक आहे. तो नमुना आम्लाने कोरून करतात आणि त्याची खोली ०.००२ इंच, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर असते. आपल्या वरच्या झाकणावर स्पार्कचा पोत आणि खालच्यावर कोरलेला पोत असावा, असा आमचा अंदाज आहे. स्पार्कने पडलेल्या बारीक खळग्यांच्या कडा वितळून गोलसर झालेल्या असतात, त्यामुळे तो पोत थोडा चकाकतो. कोरलेल्या पृष्ठावर शेवटी बहुधा ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा मारा, करतात आणि चमक मारून टाकतात.

या गोंधळाच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी या व्यवसायात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसांच्याही नजरेतून सुटते. पोत सांगण्याच्या ज्या चार भाषा प्रचलित आहेत, त्या एकच गोष्ट सांगत नाहीत. आरए ही मोजलेली संख्या आहे : पृष्ठाच्या चढउतारांचे मध्यरेषेपासूनचे सरासरी अंतर. एसपीआयच्या, म्हणजे अमेरिकी प्लास्टिक उद्योग संघटनेच्या, ए-१ ते डी-३ या बारा श्रेणी पोलादावर शेवटचा हात कशाने फिरवला ते सांगतात. ए म्हणजे हिऱ्याची पेस्ट, बी म्हणजे पॉलिश पेपर, सी म्हणजे स्टोन (घासण्याचा दगड), डी म्हणजे कोरडे ब्लास्टिंग. व्हीडीआयचा क्रमांक आरएवरूनच काढलेला असला, तरी त्यामागे स्पार्कचे विशिष्ट रूप गृहीत धरलेले असते. आणि मोल्ड-टेकसारख्या कंपन्यांचा नमुना क्रमांक म्हणजे एक चित्र. चामड्याचा पोत, वाळूचा कण, रेषांची जाळी, जे त्या तबकडीवर असेल ते. साडीचा रंग, काठ आणि वजन यांपैकी एकच गोष्ट सांगून दुकानदाराकडून नेमकी साडी मागवावी, तसे आपल्या टिपेचे झाले आहे.

ड्रॉइंगवरची टीप कशी असावी, असे आपण पुढे विचारले आहे. आम्ही ती साधारण अशी लिहू : ‘छायांकित पृष्ठ अ : साच्याच्या पोलादावर व्हीडीआय ३४००, क्रमांक ३०, स्पार्कने, नंतर ब्लास्टिंग करू नये. पार्टिंग लाइनपासून (साच्याचे दोन अर्ध जुळतात त्या रेघेपासून) ०.८ मिलिमीटर पट्टा पोताविना ठेवावा. अंतिम मान्यता उत्पादनाच्याच प्लास्टिकमध्ये व रंगात काढलेल्या शॉटवर (साच्यातून निघालेल्या भागावर), दोन्ही पक्षांनी सही केलेल्या नमुन्याशी ताडून.’ यातला ‘साच्याच्या पोलादावर’ हा शब्दप्रयोग कृपया गाळू नका. भागाच्या ड्रॉइंगवर पृष्ठपोताचे चिन्ह दिले, की नियमाने ते तयार भागाच्या पृष्ठाला लागू होते. त्या चिन्हाचे नियम पूर्वी आयएसओ १३०२ मध्ये होते आणि २०२१ पासून आयएसओ २१९२०-१ मध्ये आहेत. पोलाद आणि प्लास्टिक यांवरचे आकडे सारखे येत नाहीत, हे पुढच्या एका उत्तरात येईलच.

जुन्या ड्रॉइंगांबाबत एक सावधगिरी घ्यावी. त्यांवर ‘एसपीआय ३’ असे नुसतेच लिहिलेले आढळले, तर त्याचा अर्थ ए-३ असा धरू नये. बारा श्रेणींच्या आधी एक ते सहा अशी जुनी मोजपट्टी होती, आणि तीत तिसरा क्रमांक पॉलिश पेपरच्या कामाचा होता. ए-३ हे हिऱ्याच्या पॉलिशचे काम आहे. ते त्याहून बरेच गुळगुळीत आणि बरेच महाग.

प्रश्न : व्हीडीआय २७ ला एसपीआयमध्ये काय म्हणतात? एका तक्त्यात त्यासमोर डी-२ लिहिलेले दिसले. ते ड्रॉइंगवर घातले तर चालेल का?

तक्ता खोटा नाही, पण तो एकाच दिशेने चालतो. व्हीडीआयचा क्रमांक काढण्याची रीत सोपी आहे : मायक्रॉनमधील आरएला १० ने गुणावे, आलेल्या संख्येचा १० या पायावरचा लॉगॅरिदम घ्यावा आणि त्याला २० ने गुणावे. आरए २.२४ असेल, तर २२.४ चा लॉगॅरिदम १.३५ येतो आणि त्याची वीसपट म्हणजे २७. याच सूत्रामुळे क्रमांक सहाने वाढला, की आरए जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून २४ ला १.६, ३० ला ३.१५ आणि ३६ ला ६.३. हे एवढे डोक्यात ठेवले, तर तक्ता उघडण्याची वेळ क्वचितच येते.

आता डी-२ कडे पाहू. त्या श्रेणीत आरए १.० ते २.८ मायक्रॉन चालतो. सूत्रात घालून पाहिले, तर व्हीडीआय २० पासून २९ पर्यंतचे सगळे क्रमांक एकट्या डी-२ मध्ये मावतात. डी-३ ची मर्यादा ३.२ ते १८ मायक्रॉन, म्हणजे व्हीडीआय ३० ते ४५. अर्धी मोजपट्टीच तिने गिळली. आपण २७ ऐवजी डी-२ लिहिले आणि टूलरूमने २१ च्या तोडीचा पोत करून दिला, तर आपल्याला तक्रार करायला जागा उरणार नाही. शिवाय डी-२ हे ब्लास्टिंगचे काम आहे, स्पार्कचे नाही. आरए तंतोतंत जुळला तरी दोन्ही पृष्ठे शेजारी ठेवल्यावर वेगळी दिसतील. आपल्याला जी मोजपट्टी हवी, तिचाच क्रमांक लिहावा. बदलून लिहिलेला क्रमांक फार तर भाव विचारताना वापरावा.

प्रश्न : एबीएस प्लास्टिकच्या ४० मिलिमीटर खोल डब्याच्या बाहेरील भिंतींवर ०.०५ मिलिमीटर खोलीचे टेक्श्चर घेतले आहे. ड्राफ्ट, म्हणजे भाग सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार, १ अंश आहे. साचा उघडताना भिंतींवर उभे ओरखडे येतात, गेटजवळच्या (प्लास्टिक साच्यात शिरते त्या जागेजवळच्या) भिंतीवर जास्त. पॉलिश करणारे म्हणतात, भाग सुटण्याचा स्प्रे मारा. कायमचा उपाय कोणता?

स्प्रेने दिवस निघेल, साचा सुधारणार नाही. कोरलेल्या पोतासाठी रूढ ठोकताळा असा आहे, की खोलीच्या प्रत्येक ०.०२५ मिलिमीटरमागे दीड अंश ड्राफ्ट हवा. आपली खोली त्याच्या दुप्पट आहे, म्हणजे ३ अंश. साचा उघडू लागतो त्या क्षणी भागावरचा प्रत्येक उंचवटा पोलादातल्या आपापल्या खळग्यात बसलेला असतो. ड्राफ्ट पुरेसा असेल, तर पहिल्या हालचालीतच भिंत पोलादापासून बाजूला सरकते आणि उंचवटे मोकळे होतात. तो कमी असेल, तर उंचवट्यांना वरच्या खळग्यांच्या कडा ओलांडत घासत जावे लागते. आपले उभे ओरखडे म्हणजे त्या घासण्याचे माग आहेत.

हा बदल किती मोठा आहे, ते हिशोब केल्यावरच दिसते. ४० मिलिमीटर खोलीवर १ अंश म्हणजे तळाशी एका बाजूला ०.७ मिलिमीटर, ३ अंश म्हणजे २.१ मिलिमीटर. डब्याचे तोंड तेवढेच ठेवले, तर तळ दोन्ही बाजू मिळून आणखी २.८ मिलिमीटर अरुंद होईल. आत एखादा सर्किट बोर्ड काटेकोर बसत असेल, तर एवढ्याने तो बसणार नाही. म्हणूनच पोताचा निर्णय भागाचा आकार ठरतानाच व्हायला हवा. साचा तयार झाल्यावर ‘आता वरून टेक्श्चर मारून घ्या’ म्हणणे हे भिंती बांधून झाल्यावर दाराची जागा विचारण्यासारखे आहे, आणि ते जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात घडते.

आपला साचा मात्र आता उभा आहे, तेव्हा हातात काय उरते ते पाहू. गेटजवळ ओरखडे जास्त, हा आपल्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील आहे. तेथे पॅकिंगचा, म्हणजे साचा भरल्यावर प्लास्टिक दाबून ठेवण्याचा, दाब सर्वाधिक पोहोचतो, प्लास्टिक खळग्यांत घट्ट दाबले जाते आणि थंड होताना पोलादापासून पुरेसे सुटत नाही. भागाचे पृष्ठ आत खचल्याच्या खुणा, म्हणजे सिंक मार्क, दिसू न देता पॅकिंगचा दाब आणि वेळ किती खाली आणता येतो, ते पायरीपायरीने पाहावे. बाहेरचा पोत कॅव्हिटीत (साच्याच्या बाहेरील पोकळीत) असल्यामुळे आकुंचन आपल्या बाजूने आहे, कारण भिंत कोअरकडे (साच्याच्या आतल्या गाभ्याकडे) आखडते. पण एबीएस फार आखडत नाही, साधारण ०.४ ते ०.७ टक्के. पीपीसारखे प्लास्टिक १ ते २.५ टक्के आखडते, म्हणून एकाच साच्यात पीपी सुखाने सुटते आणि एबीएस ओरखडते, असेही पाहायला मिळते. दाबाने भागले नाही, तर उभ्या भिंतींवरचा पोत काढून तेथे १ अंशाला झेपणारा उथळ पोत घ्यावा. ठोकताळ्याने ती खोली ०.०१५ मिलिमीटरच्या आसपास येते. वरच्या सपाट पृष्ठावर खोल पोत तसाच ठेवता येतो. दोन्हींची हद्द मात्र एखाद्या कडेवर किंवा गोलाईच्या सुरुवातीला आणावी, नाहीतर मधोमध रेघ दिसते.

हाच पोत कोअरवर असता, तर आम्ही ३ अंशांवरही थांबलो नसतो. तेथे प्लास्टिक आखडून पोलादाला मिठी मारते.

प्रश्न : लेन्ससारख्या पारदर्शक भागासाठी संपूर्ण साच्याला एसपीआय ए-१ मागावे का?

नाही. ज्या पृष्ठांतून प्रकाश जातो आणि ज्यांवर नजर पडते, तेवढ्यांनाच मागावे. ए-१ म्हणजे आरए ०.०१२ ते ०.०२५ मायक्रॉन, ते हाताने, दिवस घालवून होते आणि त्याला पोलादही तसेच लागते. शुद्ध करून पुन्हा वितळवलेले, ५० एचआरसीच्या (रॉकवेल कठिणतेच्या) आसपास किंवा वर कडक केलेले, १.२०८३ क्रमांकाच्या पोलादासारखे. मऊ पी-२० पोलादावर या श्रेणीचा हट्ट धरला, तर पॉलिश करता करता पृष्ठ संत्र्याच्या सालीसारखे होते. रिब (आधाराच्या पातळ पट्ट्या) आणि आतल्या खोबणी यांना चमक नको. तेथे स्टोन भाग सुटण्याच्या दिशेने फिरवला की काम होते. पीपी आणि पॉलिथिलीनच्या खोल कोअरला तर आरशासारखे पॉलिश घातकच ठरते. हवा आत शिरायला वाट राहत नाही आणि भाग निर्वाताने चिकटून बसतो. हलके ब्लास्टिंग केलेला कोअर तेथे जास्त सुखाने सुटतो.

प्रश्न : साच्याच्या पोलादावर आम्ही आरए २.३ मोजला, ग्राहकाने भागावर १.८ मोजला आणि माल परत केला. व्हीडीआय २७ मागितले होते. आमची चूक आहे का? आणि एका कोपऱ्यात वेल्ड भरून दुरुस्ती केली होती, तेथे पोत वेगळा दिसतो, तो सुधारता येईल का?

आधी आकड्यांचे पाहू. २७ साठी आरए २.२४ हवा, म्हणजे पोलादावरचा आपला २.३ योग्य आहे. भागावर तो कमी येणे स्वाभाविक आहे. वितळलेले प्लास्टिक पोलादाच्या खळग्यांच्या अगदी तळापर्यंत शिरत नाही. पोलादाला टेकताच त्याची साय धरते. साचा जितका थंड आणि दाब जितका कमी, तितका भागावरचा पोत उथळ उमटतो. म्हणूनच साच्याचे तापमान वाढवले, की मॅट भाग अधिक मॅट दिसू लागतो आणि पॉलिशचा भाग अधिक चमकू लागतो. हे परस्परविरोधी वाटते, पण दोन्हीकडे पोलादाची नक्कल सुधारली, एवढेच घडलेले असते.

परंतु तेवढ्यानेच ०.५ चा फरक पडला, असे मानण्याआधी दोन्ही यंत्रांवरचा कटऑफ, म्हणजे ज्याहून लांब लहरी मोजणीतून गाळल्या जातात ती मर्यादा, विचारून घ्या. आयएसओ ४२८८ च्या (२०२१ मध्ये त्याची जागा आयएसओ २१९२०-३ ने घेतली) रूढ नियमानुसार आरए ०.१ ते २ असेल, तर ०.८ मिलिमीटरचा कटऑफ आणि २ ते १० असेल, तर २.५ मिलिमीटरचा घ्यायचा असतो. आपला आकडा त्या २ च्या उंबरठ्यावर आहे. आपण २.५ घेतला आणि ग्राहकाच्या रफनेस टेस्टरवर कायमचा ०.८ लावून ठेवलेला असेल, तर त्याने लांब लहरींचे चढउतार गाळून टाकले आणि त्याचा आकडा आपोआप खाली आला. एकदा आम्ही एकाच तबकडीवर, सुईची रेघ न हलवता, नुसता कटऑफ बदलून दोन्ही आकडे काढून दाखवले होते. दोन तास चाललेला वाद त्यानंतर चहा येईपर्यंतही टिकला नाही. कटऑफच्या पाचपट लांबी मोजावी लागते, म्हणजे २.५ साठी साडेबारा मिलिमीटर सरळ सपाट जागा, शिवाय सुईला आधी आणि नंतर थोडी धाव. लहान भागावर तेवढी जागाच नसते, म्हणून लोक मुकाट्याने ०.८ लावतात. तसे करावे लागले, तरी ते ड्रॉइंगवर लिहावे आणि दोन्हीकडे तेच लावावे. ग्राहकाला खरी काळजी दिसण्याची असेल, तर आरएच्या जोडीला ६० अंशांवरच्या ग्लॉसमीटरची (चमक मोजणाऱ्या यंत्राची) मर्यादा ठरवून घ्या. पोलादावर आरए आणि भागावर ग्लॉस, ही वाटणी आम्हांला सर्वांत कमी भांडणाची वाटते.

वेल्डचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटणारा नाही. पोत कोरायचा असेल, तर आम्ल पोलादाची रचना उघडी पाडते, आणि वेल्डच्या जागी भरलेला धातू, त्याभोवतीचा तापलेला पट्टा आणि मूळ पोलाद या तिघांवर ते वेगवेगळ्या वेगाने चालते. मूळ पोलादाशी जुळणारी वेल्डिंगची तार वापरली असेल आणि वेल्डनंतर ताण काढण्याची उष्णता प्रक्रिया केली असेल, तर डाग फिका पडतो. नेहमीच नाहीसा होतो, असे नाही. गंधक मिसळलेल्या १.२३१२ सारख्या पोलादावर वेल्ड नसतानाही रेघा उठतात, म्हणून टेक्श्चरच्या साच्याला ते घेऊच नये. स्पार्कने झालेल्या जागेवर कोरायचे असेल, तर तेथे राहिलेला कडक पांढरा थर स्टोनने पूर्ण काढावा लागतो. तो राहिला, तर आम्ल त्याच्यावर नीट चालत नाही. नायट्रायडिंग, म्हणजे पोलादाचे पृष्ठ नायट्रोजनने कडक करणे, करायचे असेल, तर ते कोरल्यानंतरच. या सगळ्या कारणांसाठी मापे मंजूर होऊन शेवटचा बदल होईपर्यंत साचा टेक्श्चरला पाठवू नये, मग विक्री विभागाला कितीही घाई असो.

आपल्या बाबतीत पोत आधीच झालेला आहे. नुसता कोपरा पुन्हा केला, तर डागाला नवी हद्द तेवढी मिळेल. नीट करायचे, तर त्या संपूर्ण पृष्ठावरचा पोत तळापर्यंत घासून काढून नव्याने घ्यावा लागेल. त्यात कॅव्हिटी घासलेल्या खोलीइतकी मोठी होते आणि भाग तेवढा जाड येतो. तेव्हा काम देण्याआधी त्या भिंतीची मापे आणि तिला लागून असलेले शट-ऑफ (साच्याचे पोलाद पोलादाला टेकते त्या जागा) टूलमेकरकडून तपासून घ्यावेत.